महत्त्वमापन

सपाट आकृत्यांचे क्षेत्रफळ आणि घनाकृतींचे पृष्ठफळ व घनफळ काढण्याचे गणित. शालेय अभ्यासक्रमात ते भूमितीचा एक भाग म्हणून येते. व्यवहारात मात्र जमिनीची मोजणी, खोदकाम, बांधकाम, पाणीसाठा आणि धान्याची रास या गरजांतून ते वाढले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील (इ. स. ११५०) प्रकरणांची नावेच याची साक्ष देतात : क्षेत्रव्यवहार, खातव्यवहार म्हणजे खड्ड्यांचे गणित, चितिव्यवहार म्हणजे विटांच्या थरांचे, क्रकचव्यवहार म्हणजे करवतीने लाकूड कापण्याचे आणि राशिव्यवहार म्हणजे धान्याच्या ढिगाचे.

सपाट आकृत्या : आयताचे क्षेत्रफळ लांबी × रुंदी हे सगळ्यांचे मूळ. समांतरभुज चौकोनाचे एक टोक कापून दुसऱ्या बाजूला जोडले की आयत होतो, म्हणून त्याचे क्षेत्रफळ पाया × उंची. त्रिकोण त्याचा निम्मा. समलंब चौकोनात समांतर बाजूंच्या बेरजेची निमपट घेऊन तिला उंचीने गुणतात. या सर्व सूत्रांत उंची म्हणजे पायावरचा लंब. तिरकी बाजू उंची समजून गुणाकार केला तर उत्तर नेहमी जास्त येते, आणि विद्यार्थ्यांच्या वह्यांत सर्वाधिक आढळणारी चूक हीच असावी.

तिन्ही बाजू माहीत असतील तर लंबाविनाही त्रिकोणाचे क्षेत्रफळ निघते. परिमितीच्या निमपटीतून एकेक बाजू वजा करावी, त्या तीन वजाबाक्या आणि ती निमपट यांचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावे. हे सूत्र हेरॉनच्या नावाने ओळखले जाते. १३, १४, १५ बाजूंचा त्रिकोण ‘लीलावती’त उदाहरणादाखल आला आहे. त्याची निमपट २१, वजाबाक्या ८, ७, ६ आणि क्षेत्रफळ ८४.

चौकोनाची गोष्ट वेगळी आहे. तीन बाजू ठरल्या की त्रिकोण पक्का होतो, पण चार बाजू ठरूनही चौकोन सैलच राहतो. प्रत्येक बाजू ५० मीटर असलेले शेत चौरस असेल तर क्षेत्रफळ २,५०० चौरस मीटर. तेच थोडे दबून कर्ण ६० आणि ८० मीटर झाले तर २,४००, आणि कर्ण २८ व ९६ मीटर झाले तर अवघे १,३४४. बांधावरून चालत मोजणाऱ्याला तिन्ही शेतांच्या बाजू सारख्याच दिसतील.

समोरासमोरच्या बाजूंच्या सरासऱ्या काढून त्यांचा गुणाकार करण्याची जुनी रीत या तिन्ही शेतांना २,५००च भरवते. या रीतीचे उत्तर खऱ्यापेक्षा कधी कमी येत नाही. आयत सोडला तर ते जास्तच असते. इजिप्तमधील एडफू येथील मंदिराच्या टॉलेमीकालीन जमीन-नोंदींत तीच रीत आहे, आणि त्रिकोणी तुकड्याला चौथी बाजू शून्य धरून तेथे तीच वापरली आहे. ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त (इ. स. ६२८) तिला स्थूल म्हटले आणि चारही बाजूंच्या वजाबाक्यांचे सूक्ष्म सूत्र दिले. ते चक्रीय चौकोनापुरते, म्हणजे ज्याचे चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर आहेत अशा चौकोनापुरते, अचूक आहे. वरच्या शेतांना तेही २,५००च सांगते. भास्कराचार्यांनी इथेच बोट ठेवले. लंब किंवा कर्ण न सांगता चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणारा आणि ते सांगणारा, दोघांचीही त्यांनी पिशाच म्हणून संभावना केली आहे. गणिताच्या ग्रंथात इतका राग क्वचितच दिसतो, आणि तो रास्त आहे. एक कर्ण मोजला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि संदिग्धता संपते. शंकुसाखळीने शेत मोजणारेही क्षेत्राचे त्रिकोण आणि समलंब चौकोन पाडूनच बेरीज करत. आता मोजणीचे यंत्र प्रत्येक कोपऱ्याचे निर्देशक देते आणि त्यावरून थेट क्षेत्रफळ निघते.

वर्तुळ : परीघ × व्यासाचा चतुर्थांश, किंवा आजच्या रीतीने पाय × त्रिज्येचा वर्ग. वर्तुळाच्या अरुंद पाकळ्या करून त्या उलटसुलट मांडल्या की जवळपास आयत होतो. त्याची एक बाजू अर्धा परीघ आणि दुसरी त्रिज्या. ‘लीलावती’त पायची सूक्ष्म किंमत ३९२७/१२५० (३.१४१६) आणि स्थूल किंमत २२/७ आहे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते सुमारे १ लाख ४१ हजार लिटर भरते. त्या दोन किमतींनी उत्तरात पडणारा फरक फार तर ५७ लिटरचा, म्हणून व्यवहारात २२/७ पुरते.

घनफळ : इष्टिकाचिती, घन, वृत्तचिती या खालपासून वरपर्यंत सारख्या आकृत्यांचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ × उंची. टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या सूचीचे आणि शंकूचे त्याच्या एक तृतीयांश. हा तृतीयांश वाटतो तितका सोपा नाही. आर्यभटाने (इ. स. ४९९) सूचीला निम्मे धरले होते, त्रिकोणात निम्मे येते म्हणून घनातही तसेच, असा विचार त्यामागे असावा. एका घनाचे तीन सारखे सूची-तुकडे करून एक तृतीयांश दाखवता येतो, पण प्रत्येक सूचीसाठी असे निव्वळ कापून-जोडून चालत नाही. ते अशक्य आहे हे माक्स डेन याने गणिती हिल्बर्टने मांडलेल्या प्रसिद्ध प्रश्नांपैकी तिसऱ्याला उत्तर देताना सिद्ध केले. त्यामुळे असंख्य पातळ थर कल्पून त्यांची बेरीज करावीच लागते.

निमुळत्या खड्ड्यांचे गणित यातूनच येते. तोंड मोठे आणि तळ लहान अशा आयताकृती खड्ड्यासाठी भास्कराचार्यांची रीत अशी : तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या लांबींची बेरीज × रुंदींची बेरीज, या तिन्हींच्या बेरजेला सहाने भागून खोलीने गुणावे. तोंड १२ × १०, तळ ६ × ५ आणि खोली ७ असेल तर ४९०. नुसती क्षेत्रफळांची सरासरी घेतली तर ५२५ येतात, लांबी-रुंदीची घेतली तर ४७२.५. खरे उत्तर दोन्हींच्या मधे.

शेततळ्याला हीच रीत लागू पडते. तोंड ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार दर मीटर खोलीला दीड मीटर. म्हणजे तळ २१ × २१. घनफळ १,९७१ घनमीटर, अर्थात १९ लाख ७१ हजार लिटर. तोंड × खोली करून २७ लाख लिटरचा हिशेब मांडणारा पावसाळ्यानंतर कोड्यात पडतो.

पृष्ठफळ : आकृती उलगडून सपाट करता आली की पृष्ठफळ क्षेत्रफळाच्याच गणितात बसते. वृत्तचितीचे वक्रपृष्ठ उघडले की आयत होतो : परीघ × उंची. शंकूचे उघडले की वर्तुळपाकळी : पाय × त्रिज्या × तिरकस उंची. वरच्या शेततळ्याला प्लास्टिक अंथरायचे तर तळाचे ४४१ चौरस मीटर आणि चार उतरत्या बाजू. त्या समलंब चौकोन आहेत आणि त्यांची तिरकी उंची ३ नव्हे, ५.४१ मीटर. सगळे मिळून सुमारे ९९३ चौरस मीटर. कडेच्या चरात गाडायचा कागद आणि जोडांची पट्टी यांवेगळी.

गोल मात्र कुठूनही कापला तरी सपाट होत नाही. आर्किमिडीजने दाखवले की गोलाचे पृष्ठफळ त्याच्या महावर्तुळाच्या चौपट असते आणि घनफळ त्याला बरोबर वेढणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश. हा शोध त्याला इतका प्रिय होता की समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरली गेली. पुढे रोमन वक्ता सिसेरो याला ती सिराक्यूजमध्ये झुडपांत दडलेली सापडली. भास्कराचार्य स्वतंत्र वाटेने तेथेच पोहोचतात. आवळ्यावरच्या रेषांनी पडतात तशा फाकी गोलाच्या पृष्ठावर आखून त्यांची क्षेत्रफळे ते ज्या (साइन) यांच्या कोष्टकावरून बेरजेस घेतात. मग पृष्ठाच्या प्रत्येक तुकड्यावर केंद्रात टोक असलेली सूची कल्पून घनफळ = पृष्ठफळ × व्यास ÷ ६. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला शके ११२८ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

धान्याची रास : खळ्यावरील ढीग शंकूच्या आकाराचा असतो, पण त्याच्या मध्यात काठी खुपसून उंची मोजणे अवघड. म्हणून ‘लीलावती’त उंची परिघावरूनच धरली आहे : जाड दाण्यांची दहावा भाग, बारीक दाण्यांची अकरावा, कुसळाच्या धान्याची नववा. परिघाच्या सहाव्या भागाचा वर्ग × उंची हे घनफळ. यात पाय ३ धरला आहे. भिंतीला टेकलेल्या ढिगाचा दिसणारा परीघ दुप्पट करून, कोपऱ्यातल्याचा चौपट करून हिशेब करायचा आणि उत्तराला पुन्हा दोनाने किंवा चाराने भागायचे. दाणा जितका बारीक तितका ढीग पसरट, हे निरीक्षण त्यात गृहीत आहे.

एकके : लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट आणि घनफळ आठपट होते; एककांचे रूपांतरही याच नियमाने चालते. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर, एक घनमीटर म्हणजे १० लाख घन सेंटिमीटर. महाराष्ट्रात गुंठा ३३ × ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि ४० गुंठ्यांचा एकर चालतो. वाळू, खडी, मुरूम ब्रासवर विकतात आणि तो १०० घनफुटांचा असतो. फरशी आणि गिलाव्याच्या कामात मात्र ब्रास १०० चौरस फुटांचा. वरच्या शेततळ्याची खोदाई सुमारे ६९६ ब्रास भरते. खणलेली माती मोकळी होऊन फुगते, त्यामुळे खड्ड्याच्या मापावरून डंपरच्या खेपा मोजल्या तर त्या कमी पडतात.