रिकामं कार्ट्रिज नक्की कोणाचं?

प्रिंटरचं संपलेलं कार्ट्रिज भरून पुन्हा विकलं, तर मूळ कंपनी अडवू शकते का? अमेरिकेतली लेक्समार्क ‘एकदाच वापरा, रिकामं आम्हालाच परत करा’ या अटीवर टोनर कार्ट्रिज सुमारे २० टक्के स्वस्त द्यायची. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी नेमकी तीच भरलेली कार्ट्रिज विकायला लागली आणि पेटंटचा खटला उभा राहिला. ३० मे २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कंपनीने वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, मग विक्री परदेशात झालेली का असेना. अट मोडणाऱ्या ग्राहकावर फार तर करारभंगाचा दावा करता येईल. (सवलतीसाठी ग्राहकाला कोर्टात कोण खेचणार, हा भाग वेगळा!)

आणि दर्जा? खोक्यावरचं ‘आयएसओ १९७५२’ म्हणजे काळा टोनर किती पानं छापतो, ते मोजायची ठरलेली पद्धत. छपाई सुबक येईल की फिकट, हे त्यावरून कळत नाही.