बॉयकॉट: एका आडनावाची कुळकथा

बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव. कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्रज आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली, नापिकीने पिचलेल्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला. सप्टेंबरात बॉयकॉटने घरं-जमिनी खाली करायच्या नोटिसा काढल्या, तेव्हा बायकांनी शेणचिखलाचा मारा करून नोटीस बजावणाऱ्याला पळवून लावलं.

त्याआधी काही दिवस एनिस गावच्या सभेत आयरिश नेते चार्ल्स पार्नेल यांनी मार्ग दाखवला होता. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्या अंगाला हात लावू नका, पण दुकानात, बाजारात, चर्चमध्ये, कुठेही त्याच्याशी संबंध ठेवू नका. मेयोच्या लोकांनी हा नियम कारभाऱ्यालाच लावला. गडीमाणसं काम सोडून गेली. लोहार नाल ठोकेना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना, टपाल आणणारा पोरगाही यायचा थांबला. पीक शेतात उभं. अखेर उत्तरेकडून पन्नासेक ऑरेंजमन, म्हणजे इंग्रजनिष्ठ प्रॉटेस्टंट, मजूर आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक-पोलीस. सुमारे ५०० पौंडांचं पीक काढायला १०,००० पौंड खर्च झाल्याचं सांगतात. नोव्हेंबर संपता संपता बॉयकॉटने मेयोतलं आपलं घर सोडलं.

शब्द घडला तो मात्र एका पाद्र्याच्या तोंडून. जेम्स रेडपाथ या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवलंय की या कृतीला काय म्हणावं यावर तो आणि फादर जॉन ओमॅली विचार करत होते. विद्वानांचा जड शब्द शेतकऱ्यांना कळायचा नाही, म्हणून फादरनी कारभाऱ्याचं नावच क्रियापद करून टाकलं. मला यातलं हेच फार मोलाचं वाटतं: लढणाऱ्यांना उच्चारता येईल असा शब्द त्यांच्याच गावात शोधला गेला.

पंचवीस वर्षांत हा शब्द आपल्याकडे पोचला. १९०५ च्या वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार हे एक सूत्र होतं. पण आपल्या गावांना वाळीत टाकणं आधीपासून ठाऊक होतं, आणि ते बहुतेकदा दुबळ्यांवरच चालवलं गेलं. मेयोत कुळांनी बलवानाशी संबंध तोडला. इथे गावकी आणि जातपंचायत एकट्या कुटुंबाचं पाणी तोडत आली. या दोहोंना एका मापाने मोजता येणार नाही. दुसऱ्या प्रकाराला महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. तुमच्या गावात कुणाला वाळीत टाकलं असेल, तर पोलिसांत तक्रार करा.