क्रिप्टो मायनिंग : यंत्रे, उभारणी आणि गुंतवणुकीतील जोखीम

क्रिप्टो मायनिंग म्हणजे वीज आणि संगणकाची ताकद खर्चून एखाद्या क्रिप्टोचलनाच्या सामायिक खातेवहीत व्यवहारांची नोंद पक्की करणे आणि त्या कामाचा मोबदला त्याच चलनाच्या नव्या नाण्यांत मिळवणे. बिटकॉइन हे या पद्धतीचे मूळ आणि आजही सर्वांत मोठे उदाहरण. त्याचा पहिला ब्लॉक 3 जानेवारी 2009 रोजी तयार झाला. महाराष्ट्रात मात्र हा शब्द गावोगाव पोहोचला तो यंत्रांमुळे कमी आणि ‘दरमहा 10 टक्के’ देणाऱ्या योजनांमुळे जास्त. बुलडाणा जिल्ह्यातील संग्रामपूरसारख्या कापूस, सोयाबीन आणि तुरीवर जगणाऱ्या तालुक्यात कोणी या धंद्याचा विचार करत असेल, तर यंत्र, वीज आणि योजना या तिन्हींचा हिशेब त्याच्यासमोर असायला हवा. या नोंदीत तो मांडला आहे.

कार्यपद्धती : बिटकॉइनच्या जाळ्यावर सरासरी दर दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक ब्लॉक जोडला जातो. तो जोडण्याचा हक्क मिळवण्यासाठी जगभरची यंत्रे एकाच वेळी एक गणिती आकडा शोधत असतात. ब्लॉकमधील माहितीत दर वेळी किंचित बदल करून ती एसएचए-256 या सूत्रातून काढायची आणि येणारे उत्तर ठरलेल्या मर्यादेपेक्षा लहान आहे का ते पाहायचे, एवढेच हे काम. यात हुशारीला वाव नाही. जो सेकंदाला जास्त वेळा प्रयत्न करील त्याची शक्यता जास्त. प्रत्येक प्रयत्नाला हॅश म्हणतात. सेकंदाला एक लाख कोटी प्रयत्न म्हणजे एक टेराहॅश.

दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, जाळे कोड्याची काठिण्यपातळी आपोआप बदलते. यंत्रे वाढली की कोडे अवघड होते. त्यामुळे जगात कितीही यंत्रे लावली तरी नाणी वाढत नाहीत, प्रत्येकाचा वाटा तेवढा घटतो. शिवाय साधारण चार वर्षांनी मोबदला निम्मा होतो. सुरुवातीला तो ब्लॉकमागे 50 बिटकॉइन होता. नोव्हेंबर 2012 मध्ये तो 25 झाला, जुलै 2016 मध्ये 12.5, मे 2020 मध्ये 6.25 आणि एप्रिल 2024 मध्ये 3.125. एकूण नाणी 2.1 कोटींच्या पुढे जाणार नाहीत, हे आधीपासून ठरलेले आहे. मायनिंगमध्ये ठरावीक मासिक परतावा मिळणे अशक्य आहे ते याच रचनेमुळे. पुढे येणाऱ्या फसवणुकीचे मूळ हीच गोष्ट लपवण्यात होते, म्हणून ती आधी नीट समजून घ्यावी.

यंत्रे : पहिल्या वर्षी घरातल्या साध्या संगणकावर बिटकॉइन निघत असे. 2010 पासून ग्राफिक्स कार्डे वापरात आली आणि 2013 पासून फक्त हेच एक काम करणाऱ्या चिपची यंत्रे आली. त्यांना एसिक म्हणतात. चीनच्या कनान कंपनीचे अ‍ॅव्हलॉन हे त्यांतले पहिल्या काळातले यंत्र. पुढे बिटमेन कंपनीच्या अँटमायनर मालिकेने बाजार व्यापला. 2016 चे अँटमायनर एस9 सुमारे 13.5 टेराहॅश ताकदीचे होते आणि सुमारे 1,320 वॅट वीज घेई. 2020 चे एस19 प्रो 110 टेराहॅश आणि 3,250 वॅटचे, तर त्यानंतरचे एस21 200 टेराहॅश आणि 3,500 वॅटचे. वीज अडीच पटीच्या आसपास वाढली आणि काम जवळजवळ पंधरापट. जुने यंत्र बिघडत नाही, पण नवे आले की ते तोट्यात जाते. ‘चालू स्थितीतले एस9 स्वस्तात’ अशी जाहिरात खोटी नसते, मात्र असे यंत्र घेणे आतबट्ट्याचे ठरते ते यामुळे.

ग्राफिक्स कार्डांच्या रिगचा, म्हणजे अनेक कार्डे एकत्र जोडून केलेल्या यंत्राचा, काळही सरला आहे. अशा रिगवर मुख्यतः इथेरियम काढले जाई. 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडून दिली आणि जगभरची ती कार्डे एका दिवसात या कामातून सुटली. त्या तारखेनंतर कोणी ‘इथेरियम मायनिंग’च्या नावाने पैसे मागत असेल, तर त्याच्याशी पुढे बोलण्याची गरज उरत नाही.

उभारणी : यंत्राची जोडणी अवघड नाही. ते नेटवर्क केबलने राउटरला जोडायचे, संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याचा आयपी पत्ता उघडायचा, पूलचा पत्ता, वर्करचे नाव आणि आपल्या वॉलेटचा, म्हणजे नाणी जमा होणाऱ्या डिजिटल खात्याचा, पत्ता भरायचा. पूल म्हणजे अनेकांची ताकद एकत्र करून मोबदला वाटून घेणारी व्यवस्था. ती एक-दोन टक्के किंवा थोडे अधिक शुल्क घेते. एकट्याने मायनिंग करण्यात काय अर्थ आहे, ते आकड्यांवरून कळते. 2024 च्या मध्यास बिटकॉइनच्या जाळ्याची एकूण ताकद सुमारे 60 कोटी टेराहॅश होती. त्यात 200 टेराहॅशच्या एका यंत्राचा वाटा तीस लाखांत एक. वर्षाला साधारण 52,560 ब्लॉक निघतात. म्हणजे एकट्या यंत्राला एक ब्लॉक सापडायला सरासरी 57 वर्षे.

खरी अडचण विजेची आणि उष्णतेची. 3,500 वॅटचे यंत्र 230 व्होल्टवर सुमारे 15 अँपिअर ओढते, तेही अखंड. घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर असा भार दिवसरात्र ठेवला की तारा आणि प्लग तापतात. त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि पक्की अर्थिंग लागते. संध्याकाळी डीपीवरचा भार वाढून व्होल्टेज पडले की यंत्र बंद पडते किंवा त्याचा वीजपुरवठा विभाग जळतो. कृषी फीडरवर तीन फेज वीज दिवसाकाठी ठरावीक तासच मिळते आणि मायनिंग तर चोवीस तास चालले तरच त्याला अर्थ. शेतीच्या जोडणीवर यंत्र लावणे हा तर वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बळीराजा मोफत वीज योजनेत बिल माफ आहे, पण ती वीज पिकाला पाणी देण्यासाठी आहे. आकडा टाकला तर ती सरळ वीजचोरी.

हे यंत्र घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. बंद खोलीत तीन-साडेतीन इमर्शन रॉड रात्रंदिवस चालू ठेवल्यासारखे ते असते. आत येणारी हवा साधारण 40 अंशांच्या आत असावी, अशी अपेक्षा असते. विदर्भात मे महिन्यात बाहेरचीच हवा 44-45 अंशांवर जाते. कूलर लावला तर ओलावा, एसी लावला तर आणखी वीज. कापूस हंगामात हवेत उडणारी रुई आणि धूळ पंख्यांत आणि हीटसिंकमध्ये अडकते. पंख्यांचा आवाज सुमारे 75 डेसिबल असतो, त्यामुळे हे यंत्र राहत्या घरात ठेवता येत नाही.

भूतानने सरकारी मालकीची मायनिंग केंद्रे उभारली, कारण तिथे थंड हवा आहे आणि जलविद्युत जास्तीची आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात यांतले काहीच नाही. ऊन मात्र भरपूर आहे, म्हणून सौरऊर्जेचा प्रश्न हमखास निघतो. एक किलोवॅटचे पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देते. या यंत्राला दिवसाला 84 युनिट लागतात. म्हणजे एका यंत्रासाठी 21 किलोवॅटचे पॅनल, आणि रात्रीसाठी बॅटरी किंवा नेट मीटर वेगळे. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे घरगुती अनुदान तीन किलोवॅटपर्यंतच वाढते आणि तिथे थांबते.

हिशेब : महिन्याला 2,520 युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे पाहता एवढ्या वापराला वरच्या टप्प्यात दुहेरी आकड्यांचा दर पडतो. तरीही येथे युनिटला 10 रुपये एवढाच धरू. बिल 25,200 रुपये. 2024 च्या मध्यास, बिटकॉइन 60,000 डॉलर आणि डॉलर सुमारे 83 रुपये धरला तर, याच यंत्राला दिवसाला 0.00015 बिटकॉइन, म्हणजे सुमारे 750 रुपये मिळत. महिन्याला 22,500. पूलचे शुल्क, यंत्राची किंमत, आयात शुल्क, जीएसटी, दुरुस्ती आणि वीज नसलेले तास यांत धरलेलेच नाहीत. जुन्या एस9 चे गणित याहून वाईट : दिवसाला सुमारे 32 युनिट, म्हणजे 320 रुपयांची वीज जाळून 50 रुपयांचे नाणे. भाव वाढला की हे चित्र बदलेल असे वाटते, पण भाव वाढला की जगभर नवी यंत्रे लागतात, कोडे अवघड होते आणि वाटा पुन्हा घटतो. भाव पडण्याचीही तयारी हवी. नोव्हेंबर 2021 मध्ये 69,000 डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात 16,000 च्या आसपास आला होता. ज्याला बिटकॉइनच हवा आहे, त्याला महावितरणच्या दराने तो काढण्यापेक्षा विकत घेणे स्वस्त पडते. ती जोखीम घ्यावी की नाही, हा प्रश्न वेगळा.

कायदा आणि कर : भारतात मायनिंगवर थेट बंदी घालणारा कायदा नाही. बँकांनी क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल 2018 चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले. 2022 च्या अर्थसंकल्पाने आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर 30 टक्के कर लावला आणि 1 जुलै 2022 पासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस सुरू झाला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. मायनिंगचा पायाभूत खर्च संपादनाचा खर्च म्हणून धरला जाणार नाही, हेही सरकारने मार्च 2022 मध्ये संसदेत सांगितले. वरच्या हिशेबात नफा उरलाच तर त्याचे काय होईल, ते यावरून दिसते.

क्लाऊड मायनिंग आणि गेनबिटकॉइन : यंत्र, वीज, उष्णता या सगळ्यांतून सुटका करण्याचे आश्वासन म्हणजे क्लाऊड मायनिंग. पैसे तुम्ही द्यायचे, यंत्रे दूर कुठेतरी चालतील आणि नाणी तुमच्या वॉलेटमध्ये येतील. यंत्र डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ते आहे की नाही हेही कळत नाही. महाराष्ट्राने याची मोठी किंमत मोजली आहे.

अमित भारद्वाज याने 2015 च्या सुमारास सुरू केलेल्या गेनबिटकॉइन या योजनेत गुंतवलेल्या बिटकॉइनवर दरमहा 10 टक्के, असे 18 महिने, बिटकॉइनमध्येच परत देण्याचे वचन होते. नवे सदस्य आणणाऱ्याला वेगळे कमिशन. त्याच्या गटाचा जीबीमायनर्स हा पूल खरोखर चालत होता आणि त्यामुळे लोकांना खात्री वाटली. पण ते वचन बिटकॉइनच्या रचनेशीच जुळत नव्हते. योजना चालू असतानाच, जुलै 2016 मध्ये, जगातल्या प्रत्येक मायनरचा मोबदला निम्मा झाला, तरी सदस्यांना सांगितलेले 10 टक्के तसेच राहिले. जुन्यांचे देणे नव्यांच्या पैशांतून भागते, एवढेच त्याचे स्पष्टीकरण उरते. 2017 मध्ये देणे थकले तेव्हा बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे, कंपनीनेच काढलेले टोकन सदस्यांच्या हाती देण्यात आले. त्याला बाजारात जवळजवळ काहीच किंमत नव्हती.

2018 मध्ये पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत, तसेच नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारद्वाजला दिल्ली विमानतळावरून ताब्यात घेऊन पुण्याला आणले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे त्याला जामीन दिला आणि जानेवारी 2022 मध्ये, खटल्याचा निकाल लागण्याआधीच, त्याचा मृत्यू झाला. मार्च 2022 मध्ये पुणे पोलिसांनी या तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक केली. जप्त वॉलेटमधली नाणी परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरचे गुन्हे सीबीआयकडे सोपवले. सीबीआयने फेब्रुवारी 2025 मध्ये पुणे, नांदेड, कोल्हापूर, मुंबई यांसह 60 हून अधिक ठिकाणी छापे घालून 23.94 कोटी रुपयांचे क्रिप्टो जप्त केले. ईडीच्या म्हणण्यानुसार एकट्या 2017 मध्ये गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत 6,600 कोटी रुपये होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की ठेवीदारांच्या हाती किती परत येऊ शकते, त्याचा अंदाज येतो. विदर्भही यातून सुटला नाही. 2022 मध्ये नागपूर पोलिसांनी इथर ट्रेड एशिया या योजनेच्या सूत्रधाराला पकडले. तिथे इथेरियमचे नाव वापरले गेले होते.

अशा योजना जाहिरातीतून कमी आणि नात्यागोत्यातून जास्त पसरतात. सेमिनारला नेणारा मावसभाऊ असतो, आयडी लावून देणारा शाळेतला मास्तर असतो आणि त्याचेही पैसे त्यात अडकलेले असतात. तक्रार करायची तर आपल्याच माणसाचे नाव द्यावे लागते, म्हणून लोक गप्प बसतात आणि पुरावा पुसला जातो. हा उशीर सर्वांत महाग पडतो, कारण वॉलेटमधले नाणे काही मिनिटांत परदेशात जाते.

पैसे गेले असतील तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी आणि तालुक्यातील तामगाव किंवा सोनाळा पोलीस ठाण्यात किंवा बुलडाण्याच्या सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्यावी. बँकेचे उतारे, व्यवहाराचे क्रमांक, वॉलेटचे पत्ते आणि व्हॉट्सअॅपवरचे संभाषण यांतले काहीही मोबाइलमधून काढून टाकू नये. ठेव म्हणून पैसे घेतले गेले असतील तर महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण अधिनियम 1999 आणि अनियंत्रित ठेव योजना बंदी अधिनियम 2019 हे दोन्ही कायदे लागू होऊ शकतात. तक्रारीत त्यांचा उल्लेख करावा आणि आपल्यासारखे फसलेले आणखी कोणी असतील तर त्यांनाही सोबत न्यावे.