मेणबत्तीवरची सहा व्याख्यानं



लंडन शहरात आल्बमार्ल स्ट्रीट नावाचा एक रस्ता आहे. तिथे रॉयल इन्स्टिट्यूशन ही १७९९ साली स्थापन झालेली विज्ञानसंस्था उभी आहे. १८६० सालच्या नाताळच्या सुटीत या संस्थेच्या व्याख्यानगृहात मुलांची दाटी झाली होती. मुलांबरोबर मोठी माणसंही होती. एकोणसत्तर वर्षांचे एक गृहस्थ टेबलापाशी आले आणि त्यांनी बोलायला विषय घेतला तो मेणबत्तीचा! एक नव्हे, दोन नव्हे, सहा व्याख्यानं त्यांनी मेणबत्तीवर दिली. ती व्याख्यानं १८६१ साली पुस्तकरूपानं निघाली. 'द केमिकल हिस्टरी ऑफ अ कँडल', म्हणजे 'मेणबत्तीचा रासायनिक इतिहास', हे त्या पुस्तकाचं नाव. व्याख्यात्याचं नाव मायकेल फॅरडे.

नाव ऐकून काही जणांचे कान टवकारले असतील. तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आतबाहेर केला की तारेतून वीज वाहते, हे १८३१ साली ज्यानं दाखवलं तोच हा फॅरडे. कोयनेच्या जनित्रापासून सायकलच्या डायनॅमोपर्यंत सगळ्यांच्या पोटात हेच तत्त्व आहे. एवढा मोठा शास्त्रज्ञ मुलांपुढे मेणबत्ती घेऊन का उभा राहिला? आपल्याकडे एक समज आहे, आणि तो शिकलेल्या माणसांतच जास्त आहे, की सोपं करून सांगणं हे दुय्यम काम. ज्याला संशोधन जमत नाही त्यानं ते करावं! फॅरडेची हकीकत ऐकली म्हणजे या समजाचं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

फॅरडेचा जन्म १७९१ चा. बाप लोहार, तोही आजारी. घरची ओढगस्त. लिहिणं, वाचणं आणि थोडं गणित यापलीकडे पोराला शाळा मिळाली नाही. तेराव्या वर्षी तो रीबो नावाच्या एका फ्रेंच पुस्तकवाल्याच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला. गिऱ्हाइकांना वर्तमानपत्रं पोचवायची आणि वाचून झाली की परत आणायची, हे त्याचं काम. पुढच्या वर्षी रीबोनं त्याला पुस्तकबांधणीचं काम शिकायला सात वर्षांच्या करारानं ठेवून घेतलं. मालक दिलदार होता. बांधायला आलेली पुस्तकं हा मुलगा वाचतो आहे हे त्याच्या ध्यानात आलं, पण त्यानं कधी हटकलं नाही.

त्या पुस्तकांत एक होतं 'रसायनशास्त्रावरील संभाषणं'. ते एका बाईंनी लिहिलं होतं. जेन मार्सेट त्यांचं नाव. १८०६ साली पुस्तक निघालं तेव्हा त्यावर त्यांचं नावसुद्धा छापलं नव्हतं. या बाई काही प्रयोगशाळेतल्या संशोधक नव्हत्या. त्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही या नामांकित रसायनशास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला जात. पहिल्यांदा त्यांना सगळं समजेना. पुढे एका स्नेह्याशी बोलता बोलता, प्रश्न विचारता विचारता उलगडा होत गेला. तेव्हा त्यांच्या मनात आलं की आपल्यासारखी इतरही माणसं असतील, त्यांच्यासाठी हे असंच संवादाच्या रूपात लिहावं. म्हणून त्या पुस्तकात एक शिक्षिका आणि एमिली, कॅरोलिन या दोन मुली बोलत बसल्या आहेत. मुली शंका काढतात, बाई उत्तर देतात, मध्येच एखादा प्रयोग करून दाखवतात.

हे पुस्तक बांधणीवाल्या पोराच्या हाती पडलं. त्यानं ते वाचलं, आणि नुसतं वाचून तो थांबला नाही. त्यात लिहिलेलं खरं आहे की नाही हे आठवड्याला चार पैसे खर्चून जमतील तेवढे छोटे छोटे प्रयोग करून त्यानं पडताळून पाहिलं. ते खरं निघालं. त्यामुळे रसायनशास्त्रात आपल्याला पाय रोवायला जागा मिळाली, असं तो पुढे सांगत असे.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. मार्सेटबाई ज्या माणसाला ऐकून लिहित्या झाल्या, त्याच्याच पुढे आता हा मुलगा जाऊन बसला! त्यानं टिपणं घेतली, घरी येऊन ती सुवाच्य अक्षरात लिहून काढली, आकृत्या घातल्या आणि पुठ्ठा बांधून ते पुस्तक डेव्हीकडे पाठवून दिलं. सोबत अर्ज, की मला विज्ञानाच्या कामात कुठेही घ्या. मार्च १८१३ मध्ये त्याची संस्थेत मदतनीस म्हणून नेमणूक झाली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार, माळ्यावरच्या दोन खोल्या, आणि शिवाय कोळसे व मेणबत्त्या मोफत. मेणबत्त्यांशी त्याचा संबंध तेव्हापासूनचा म्हणायचा!

आतापर्यंत मी त्याला अरेतुरे केलं. पण १८२५ साली हा बांधणीवाला पोऱ्या त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला, तेव्हा यापुढे अहोजाहो केलेलं बरं. त्याच वर्षी संस्थेनं नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्यानं द्यायची प्रथा सुरू केली. १८२७ ते १८६० या काळात फॅरडे यांनी अशा एकोणीस माला गुंफल्या. ही व्याख्यानं म्हणजे मोठ्या संशोधनातून उरलेल्या वेळेची करमणूक नव्हती. बोलणं ही शिकण्याची गोष्ट आहे असं ते मानत. मदतनीस म्हणून नवखे होते तेव्हाच त्यांनी एका मित्राला लांबलचक पत्रं लिहून चांगलं व्याख्यान कसं असावं याची चर्चा केली होती. वेळ तासाच्या पुढे जाऊ नये, उपकरणं शेवटच्या बाकावरच्यालाही दिसावीत, अशी ती चर्चा. पुढे त्यांनी वक्तृत्वाच्या शिक्षकाकडे रीतसर धडे घेतले. भरात आले की ते भरभर बोलत. म्हणून त्यांचा मदतनीस समोर एक पाटी ठेवी. तिच्यावर एकच शब्द : 'हळू'. आम्हां मास्तरमंडळींना ही पाटी फार उपयोगी पडेल!

आता मेणबत्तीकडे येऊ. आधी मेणबत्त्या कशाच्या करतात ते ते दाखवतात : चरबीच्या, मधमाशीच्या मेणाच्या, देवमाशाच्या डोक्यातून निघणाऱ्या मेणाच्या, पॅराफिनच्या. मग मेणबत्ती पेटवतात आणि म्हणतात, वातीच्या बुडाशी काय झालं ते बघा. वितळलेल्या मेणाची एक वाटी तयार होते. ही वाटी कोणी कोरली? ज्योतीच्या उष्णतेनं हवा वर चढते. बाजूची थंड हवा मेणबत्तीच्या अंगाला लागून वर येते. त्यामुळे कड थंड राहते, ती वितळत नाही, आणि मधल्या पातळ मेणाला काठ मिळतो. वारा एका बाजूनं आला की काठ फुटतो आणि मेणाचे ओघळ वाहतात. ज्या मेणबत्त्यांवर सुंदर नक्षी असते त्यांचा काठ एकसारखा राहत नाही, म्हणून त्या वाईट जळतात. दिसायला देखणी ती कामाला चांगली असेलच असं नाही, हे ते हसत हसत सांगून जातात.

मग दुसरा प्रश्न. मेण खाली, ज्योत वर. मेण वर चढतं कसं? वातीच्या बारीक धाग्यांतून. पंचाचं एक टोक बादलीत बुडवून दुसरं बाहेर सोडलं की पाणी कसं चढत चढत बाहेर येतं, तसं. बरं, मग मेणबत्ती उलटी धरली तर ती जास्त जोरात पेटायला हवी. पण ती विझते. कारण मेण इतक्या वेगानं खाली येतं की त्याला तापायला वेळच मिळत नाही.

यानंतर जो प्रयोग आहे तो मी वर्गात अनेकदा केला आहे, आणि दर वेळी मुलांनी तो पुन्हा करायला लावला आहे. मेणबत्ती हळूच विझवायची. वातीतून पांढरी धुराची रेघ वर जाते. वातीपासून दोन-तीन इंच वर, त्या रेघेला पेटलेली काडी लावायची. ज्योत रेघेवरून धावत खाली येते आणि वात आपोआप पेटते! वातीला आपण हातही लावलेला नसतो. म्हणजे जळते ती वात नव्हे, पातळ मेणही नव्हे. जळते ती मेणाची वाफ. हा प्रयोग वारा नसलेल्या जागी करा, नाहीतर मुलांसमोर फजिती होते.

आणखी एक गंमत. प्रखर प्रकाशात मेणबत्तीच्या ज्योतीची सावली भिंतीवर पाडली, तर ज्योतीचा जो भाग सगळ्यात तेजस्वी, त्याचीच सावली सगळ्यात गडद पडते. हे कसं? त्या भागात कोळशाचे अतिसूक्ष्म कण तापून लाल-पिवळे झालेले असतात. तेच प्रकाश देतात आणि घन असल्यामुळे तेच दुसऱ्या प्रकाशाला अडवतात. ज्योतीवर थंड बशी धरली की जी काजळी जमते, ती म्हणजे हेच कण. आपल्या आया-आज्या दिव्यावर काजळ धरत, तेव्हा त्या ज्योतीचा उजेडच डबीत भरून ठेवत होत्या म्हणा ना!

पुढच्या व्याख्यानांत मेणबत्ती जळून शेवटी होतं काय, याचा शोध आहे. बर्फ आणि मीठ घातलेलं भांडं ज्योतीवर धरून ते तिच्यातून चक्क पाण्याचे थेंब काढून दाखवतात. तिथून पाणी कशाचं बनलं आहे, हवेत काय काय आहे, या वाटेनं ते जातात. इथे विजेचे घट, पोटॅशियम असलं सामान येतं. घरी बसून वाचणाऱ्याजवळ ते नसतं, त्यामुळे ही पानं मला तरी थोडी कोरडी वाटतात. 'हे पाहा' असं छापलेलं असतं आणि पाहायला काहीच नसतं.

पण शेवटच्या व्याख्यानात सगळं पुन्हा जमून येतं. जळत्या मेणबत्तीवरची हवा चुन्याच्या निवळीत सोडली की निवळी दुधासारखी होते. ती खूण कार्बन डायऑक्साइडची. मग फॅरडे त्याच निवळीत आपला श्वास सोडतात. तीही दुधासारखी होते! म्हणजे आपल्या आतही तेच चाललं आहे. अन्नातला कर्ब आणि हवेतला प्राणवायू यांचा संयोग होऊन ऊब निर्माण होते. माणसाच्या श्वासातून चोवीस तासांत सुमारे सात औंस, म्हणजे जवळजवळ २०० ग्रॅम कर्ब बाहेर पडतो, असा हिशेब ते मांडतात. आणि तो बाहेर पडलेला वायू वाया जात नाही, झाडं तो घेतात. आपल्याकडे हा प्रयोग पानाचा चुना पाण्यात कालवून, वरची निवळी ओतून घेऊन, पपईच्या देठाच्या नळीनं सहज होतो. मात्र मुलांना फुंकायला सांगा, ओढायला नको.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ही व्याख्यानं छापायला फॅरडे सहजासहजी तयार नव्हते. पूर्वी प्रकाशकाकडून विचारणा झाली तेव्हा त्यांनी ती नाकारली होती. वेळ नाही हे एक कारण. पण प्रयोगाशिवायचं व्याख्यान कागदावर फिकं पडतं, ही त्यांची खरी अडचण होती. तक्रार अगदीच खोटी नव्हती, ते आत्ताच मी कबूल केलं. अखेर विल्यम क्रूक्स या तरुण रसायनशास्त्रज्ञानं ती जशी बोलली गेली तशी उतरवून घेऊन संपादित केली. ती फॅरडे यांची मुलांसाठीची शेवटची माला ठरली. स्मरणशक्ती दगा देऊ लागली होती, आणि १८६१ मध्येच त्यांनी या कामातून निवृत्ती घेतली. म्हणजे तो हिवाळा गेला असता तर मेणबत्ती कागदावर आलीच नसती.

छापलेल्या शब्दाबद्दल अशी शंका फॅरडे यांनी घ्यावी, याचं मला नवल वाटतं. ते स्वतः छापलेल्या शब्दातूनच वर आले होते. ते त्यांना ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. आपला एखादा शोधनिबंध प्रसिद्ध झाला की त्याची एक प्रत ते मार्सेटबाईंना कृतज्ञतेनं पाठवत. १८५८ साली बाई वारल्या तेव्हा त्यांनी जिनीव्हाच्या एका शास्त्रज्ञ मित्राला पत्र लिहून, दुकानातल्या त्या दिवसांत हे पुस्तक आपल्याला कसं भेटलं आणि आपण बाईंचे किती ऋणी आहोत, ते सविस्तर कळवलं. दोनच वर्षांनी ते मेणबत्ती घेऊन मुलांपुढे उभे राहिले.

त्या सहाव्या व्याख्यानाच्या वेळी त्यांच्या टेबलावर दोन रंगीत, नक्षीदार मेणबत्त्या होत्या. व्याख्यानांना येणाऱ्या एका बाईंनी त्या दिल्या होत्या. त्या आल्या होत्या जपानहून. जपानचे दरवाजे तेव्हा परदेशी व्यापाराला नुकतेच उघडले होते. त्या मेणबत्त्यांची वात पोकळ आहे, त्यामुळे आतूनही हवा मिळते, हे फॅरडे यांनी मुलांना कौतुकानं दाखवलं.

पुढे ते पुस्तक जपानी भाषेत गेलं. मोबाइलमध्ये असते ती लिथियमची विद्युत्‌घटमाला घडवणाऱ्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्यांतले एक जपानचे अकिरा योशिनो. रसायनाची गोडी कशी लागली, असं त्यांना विचारण्यात आलं. त्यांनी सांगितलं, चौथीत असताना वर्गावरच्या शिक्षकांनी एक पुस्तक वाचायला सुचवलं होतं, मेणबत्तीवरचं.