छप्पर, सूर्य आणि स्वामित्व : उल्हासनगर कॅम्प ५

घरगुती सौर ऊर्जेचा इतिहास हा बव्हंशी छपराच्या स्वामित्वाचा इतिहास होय. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसविले गेले. १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प ५ हा तिचाच भाग. बराकीच्या एकाच छपराखाली अनेक कुटुंबे राहत. पुढे इमारती वाढल्या, आणि अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी २००६ साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने घरगुती संचास ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरविले. परंतु अर्जदाराचे स्वतःचे घर व योग्य छप्पर ही अट घातली. तेव्हा ऊन सर्वांचे असले, तरी विजेचा प्रश्न येथे प्रथम मालकीहक्काच्या कागदावरच सुटावयाचा आहे.