धूसरपणाचे दोन निवाडे

हौशी कलावंत एकमेकांच्या कामावर जे अभिप्राय देतात, त्यांची नोंद समीक्षेच्या इतिहासात सहसा होत नाही. ते बैठकीत उच्चारले जातात आणि बैठकीबरोबरच विरतात. छायाचित्रणाचा इतिहास याला काहीसा अपवाद आहे, कारण ही कला आरंभापासून मंडळांच्या आश्रयाने वाढली. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली स्थापन झाली आणि मुंबईची लगोलग १८५४ साली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान मुंबईच्या सोसायटीचे सभासद होते. पुढे तयार ड्राय प्लेट आल्या, १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला आणि हौशी छायाचित्रकारांची संख्या झपाट्याने वाढली. मंडळे वाढली, तशी एकमेकांची चित्रे पाहून मत देण्याची प्रथाही वाढली. या मतांचे मोल काय होते, हे पाहण्यासाठी न्यूयॉर्कमधील दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. दोन्ही प्रसंगांत आक्षेप एकच आहे: चित्र धूसर आहे.

पहिला प्रसंग १८९३ सालचा. त्या वर्षीच्या २२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये हिमवादळ सुरू असताना आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हा तरुण छायाचित्रकार उसना आणलेला, हातात धरून वापरायचा कॅमेरा घेऊन फिफ्थ अव्हेन्यूवर सुमारे तीन तास उभा होता. गंभीर हौशी मंडळींच्या लेखी तिवईवाचून वापरायचा कॅमेरा म्हणजे खेळणे होते. बर्फातून वाट काढत येणारी घोडागाडी हवी तशी चौकटीत येईपर्यंत त्याने वाट पाहिली. ‘विंटर, फिफ्थ अव्हेन्यू’ या नावाने आज प्रसिद्ध असलेले ते चित्र. त्याची काच मंडळातील स्नेह्यांना दाखवली तेव्हा ते हसले आणि ‘सारे अस्पष्ट आहे, फेकून दे’ अशा अर्थाचा सल्ला त्यांनी दिला, असे स्टीग्लिट्झने पुढे सांगितले आहे. त्याने काच फेकली नाही. तिचा नेमका भाग निवडून, बाकीचा वगळून त्याने मुद्रित तयार केले.

हकिकत स्टीग्लिट्झच्याच तोंडची असल्याने तीत थोडे रंग भरले गेले असतील, हे गृहीत धरू. तरीही त्या स्नेह्यांचे चुकले कोठे, हा प्रश्न उरतोच. त्यांचे निरीक्षण खरे होते. चित्र रेखीव नव्हतेच. चुकला तो निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष. चित्र रेखीव असावे, हा नियम त्यांच्या मनात आधीच ठरलेला होता. समोरच्या चित्रातली अस्पष्टता कोठून आली, हे त्यांनी विचारले नाही. ती पडत्या बर्फाची होती; चित्राच्या विषयाचाच तो भाग होता. दोषाची नोंद झाली, पण चित्र मात्र पाहिले गेले नाही.

दुसरा प्रसंग साधारण वीस वर्षांनंतरचा. मधल्या काळात वारे फिरले होते. १९०२ मध्ये स्टीग्लिट्झने ‘फोटो-सेसेशन’ ही चळवळ उभी केली, १९०३ पासून ‘कॅमेरा वर्क’ हे नियतकालिक चालवले, १९०५ मध्ये फिफ्थ अव्हेन्यूवरच्या २९१ क्रमांकाच्या घरात प्रदर्शनाची जागा उघडली. एव्हाना धूसरता हा दोष राहिला नव्हता, कलात्मकतेची खूण झाली होती. चित्राला मृदू करणारे खास भिंग अनेक हौशी छायाचित्रकार वापरत. १९०७ मध्ये शाळेच्या सहलीबरोबर ‘२९१’ पाहून गेलेला पॉल स्ट्रँड त्यांपैकीच एक. तो पुढे वरचेवर आपली चित्रे घेऊन स्टीग्लिट्झकडे येऊ लागला.

१९१४-१५ च्या सुमारास स्टीग्लिट्झने त्याला जे सांगितले, ते स्ट्रँडने पुढे आठवणींत नोंदवले आहे. त्याचा आशय असा: या भिंगामुळे गवत, पाणी, झाडाची साल हे सारे एकाच द्रव्याचे बनल्यासारखे दिसते, प्रत्येक वस्तूचे स्वतःचे असे जे असते ते नाहीसे होते. भिंगाचे छिद्र लहान करून पाहा. स्ट्रँडने ते करून पाहिले. १९१५ मध्ये तो नवी चित्रे घेऊन आला. ‘वॉल स्ट्रीट’ हे गाजलेले चित्र त्याच वर्षीचे. १९१६ मध्ये ‘२९१’ मध्ये त्याचे प्रदर्शन भरले आणि जून १९१७ चा ‘कॅमेरा वर्क’चा अखेरचा अंक त्याच्याच चित्रांना वाहिलेला होता.

ज्याने स्वतःच्या चित्रावरचा ‘धूसर’ हा आक्षेप झुगारला, तोच दुसऱ्याच्या चित्रावर तसाच आक्षेप घेतो, यात वरवर विसंगती वाटते. ती विसंगती नाही. बर्फाची धूसरता जगातली होती, स्ट्रँडची भिंगातली. शिवाय स्टीग्लिट्झने कोणताही नियम पुढे केला नाही; चित्रात काय हरवले आहे, ते त्याने गवत आणि पाणी यांची नावे घेऊन दाखवले, आणि करून पाहता येईल असा एक उपाय सुचवला. उपयुक्त अभिप्रायाची ही तीन अंगे मानता येतील: काय दिसते, त्याने काय गमावले जाते, आणि पुढे काय करून पाहावे. पहिल्या प्रसंगातील स्नेही पहिल्या अंगापाशीच थांबले व तेथून थेट शिक्षेवर गेले. विद्यार्थ्याच्या कवितेवर ‘दुर्बोध’ असा शेरा मारून वही परत करणारे आपण अध्यापक बहुधा याच स्नेह्यांचे वारस असतो. ही दुर्बोधता अनुभवातली की केवळ शब्दयोजनेतली, हे विचारायचे राहूनच जाते.

या इतिहासाचे उत्तरकथनही ध्यानात घ्यावे लागते. स्ट्रँडने १९१७ च्या ‘फोटोग्राफी’ या निबंधात वस्तूचा आदर हे छायाचित्रणाचे तत्त्व म्हणून मांडले. १९३० मध्ये ताओस येथे त्याच्या निगेटिव्ह पाहून अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने छायाचित्रणालाच वाहून घेण्याचे ठरवले. आणि १९३२ मध्ये अ‍ॅडम्स व त्याच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात जो गट स्थापला त्याचे नाव होते ‘ग्रुप एफ ६४’. अत्यंत लहान छिद्राचे हे माप. एका तरुणाला, त्याच्या विशिष्ट चित्रांसंबंधी मिळालेल्या सल्ल्यासारखीच गोष्ट आता एका गटाचे ब्रीद झाली होती. रेखीवपणा पुन्हा नियम झाला, आणि मृदू चित्रे काढणारे आता उपहासाचे धनी ठरले.

अभिप्राय कितीही अचूक असला तरी तो ज्या चित्रासाठी दिला, त्याच्यापुरताच अचूक असतो. तो उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवला की १८९३ ची ती बैठक पुन्हा भरते, आणि काच फेकून देण्याचा सल्ला देणारे आपण असतो.