इंडियानाचे घरचे वीर

बास्केटबॉलचा जन्म इंडियानांत झालेला नाहीं. 1891 सालीं मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें, हिवाळ्यांत बंद दालनांत खेळतां यावा म्हणून, हा खेळ शोधून काढला आणि पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगून तो विद्यार्थ्यांकडून खेळविला. दोनतीन वर्षांतच तो इंडियानांतील क्रॉफर्ड्सव्हिल या लहानशा शहरीं पोंचला. आणि जन्मभूमीहून या दत्तक भूमीनेंच त्याचे अधिक लाड केले.

याचीं कारणें शोधावयास फार दूर जावयास नको. मक्याच्या शेतांचा हा मुलूख. गांवें लहान आणि हायस्कुलेंहि लहान. अमेरिकन फुटबॉलसाठीं अकरा धट्टींकट्टीं मुलें जमविणें जेथें कठीण, तेथें पांच सहज मिळत. हिवाळ्यांत शेतीचीं कामें थंडावलेलीं असत, आणि गांवाला एकत्र जमण्यास शाळेच्या क्रीडागृहासारखें दुसरें ठिकाण नसे. मार्टिन्सव्हिलचें क्रीडागृह तर असें कीं, सारें गांव आंत येऊन बसलें तरी बैठका उराव्यात! शिवाय 1911 पासून 1997 पर्यंत साऱ्या राज्यांत मुलांची एकच स्पर्धा होती. शंभर विद्यार्थ्यांची शाळा आणि दोन हजारांची शाळा यांस एकाच आखाड्यांत उतरावें लागे.

या पद्धतीचें सर्वांत गाजलेलें फळ म्हणजे 1954 सालचें मिलान हायस्कूल. विद्यार्थी अवघे 161. अंतिम सामन्यांत प्रतिस्पर्धी मन्सी सेंट्रल ही बलाढ्य शाळा. सामन्याच्या शेवटच्या भागांत संघ दोन गुणांनीं मागें असतांहि बॉबी प्लम्प हा मुलगा चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू हातांत धरून नुसता उभा राहिला. आणि अखेरच्या क्षणीं त्यानेंच चेंडू टोपलींत टाकून 32–30 असा विजय मिळविला. 1986 सालीं या कथेच्या आधारें ‘हूझियर्स’ हा चित्रपट निघाला. कथा सुंदर आहे आणि मुख्य गोष्टींत खरीहि आहे. मात्र इंडियानाचा अभिमान बहुधा येथेंच थांबतो, आणि आमची तक्रार एवढीच आहे.

कारण अंतिम फेरीस पोंचण्यापूर्वी मिलाननें ज्या संघास 65–52 असें हरविलें, तो संघ इंडियानापोलिसच्या क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूलचा होता. ही शाळा 1927 सालीं उघडली, ती शहरांतील कृष्णवर्णीय मुलांना इतर हायस्कुलांतून वेगळें काढण्यासाठीं. शिक्षक मात्र असे लाभले कीं कोणत्याहि शाळेनें हेवा करावा. विद्यापीठांचीं दारें ज्यांना वर्णामुळें बंद, असे उच्च पदवीधर तेथें मुलांना शिकवीत. राज्याच्या क्रीडासंस्थेनें या शाळेला 1942 पर्यंत स्पर्धेंत घेतलें नाहीं. कारण काय, तर शाळा सर्वांस खुली नाहीं! ती सर्वांस खुली नव्हती हा दोष कोणाचा, हा प्रश्न त्या विद्वानांस पडला नसावा.

मिलानकडून हरलेल्या त्या संघांत ऑस्कर रॉबर्ट्सन नांवाचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. तो जन्मला टेनेसींत, 1938 सालीं. लहानपणींच आईबापांबरोबर इंडियानापोलिसला आला. चेंडू घेण्यास पैसे नसत. तेव्हां टेनिसचे जुने चेंडू नि चिंध्या रबरानें बांधून घरामागें टांगलेल्या पीचच्या टोपलींत तो नेम धरी. नेस्मिथच्या टोपलीचा खरा वारसा सांगावयाचा तर तो या अंगणांतला सांगावा. पुढच्या वर्षीं, 1955 सालीं, रे क्रो यांच्या शिकवणुकीखालीं अ‍ॅटक्सनें गॅरी रूझवेल्ट या दुसऱ्या कृष्णवर्णीय शाळेस 97–74 असें हरवून राज्याचें अजिंक्यपद मिळविलें. इंडियानापोलिसच्या कोणत्याहि शाळेला तें तोंपर्यंत मिळालें नव्हतें. 1956 सालीं तर 31 पैकीं 31 सामने जिंकून त्यांनीं तें राखलें; अपराजित राहून अजिंक्य झालेला राज्यांतील हा पहिलाच संघ. रॉबर्ट्सन पुढें 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदकाचा मानकरी झाला, आणि व्यावसायिक खेळाडूंच्या हक्कांसाठीं त्यानें 1970 सालीं दावा लावला, तो त्याच्याच नांवानें प्रसिद्ध आहे.

पण 1955 च्या त्या रात्रीची हकीकत सांगावयास हवी. विजयी संघानें आगीच्या बंबावर बसून शहराच्या मध्यावरील स्मारकचौकांत मिरवत जावें, अशी तेथील रीत. वर्षापूर्वीं मिलानच्या मुलांना त्याच चौकांत मोठ्या थाटानें फिरविलें होतें. अ‍ॅटक्सच्या मुलांना चौकाला एक फेरा घालूं दिला आणि लगेच कृष्णवर्णीयांच्या वस्तींतील एका उद्यानांत नेलें. दंगा होईल, अशी अधिकाऱ्यांस भीति होती म्हणे. ज्या शहराला प्रथमच हा मान मिळवून दिला, तें शहर आपलें नाहीं, एवढें त्या मुलांना त्या रात्रीं कळलें. रॉबर्ट्सन उत्सव सोडून घरीं गेला.

2015 सालीं इंडियानापोलिसच्या वार्षिक मोटारशर्यतीपूर्वीच्या भव्य मिरवणुकीचें अध्यक्षपद त्या संघांतील हयात खेळाडूंस देण्यात आलें. मध्यंतरीं साठ वर्षें लोटलीं होतीं.